वीसनखी

कुत्र्याच्या पायांची नखे मोजावयास बसले तर ती सामान्यतः १८ भरतात. पुढच्या प्रत्येक पायास पाच, त्यांतले पाचवे अंगठ्याचे आणि जमिनीपासून जरा उंच, व मागच्या प्रत्येक पायास चार. क्वचित एखाद्या पिलास मागेही एकेक अंगठा असतो आणि मग ही संख्या २० होते. अशा कुत्र्याला आमच्या कर्जत तालुक्यात वीसनखी म्हणतात, आणि तो दारी असणे भाग्याचे मानून त्याच्यासाठी लोक दुसऱ्या तालुक्यातून चालत येतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. असे असूनही ऐन उमेदीच्या वयात मी माझ्याच कुत्रीच्या सात पिलांचे अंगठे एका सकाळी कापवून घेतले, आणि त्या कृत्याची किंमत त्यांतल्या दोघांनी जिवानिशी दिली. ज्यांच्या दारात आज कारवान कुत्री व्याली असेल त्यांच्या हातून तरी ते घडू नये, एवढ्याच हेतूने हा वृत्तांत लिहीत आहे.

कारवान कुत्रा आमच्या भागाला नवा नाही. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर पश्चिम आशियातून दख्खनेत उतरलेल्या कुत्र्यांची ही अवलाद, असे परंपरेने सांगतात आणि नावही तेच सुचविते. घटप्रभेकाठच्या मुधोळ संस्थानात त्याच्या भाऊबंदांना राजाश्रय लाभला. आमच्याकडे तो धनगरवाड्यांत आणि वस्त्यांवर वाढला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, १९८० साली रेहेकुरीचे माळरान काळविटांचे अभयारण्य ठरले, आणि ते सर्वथा योग्यच झाले. जो कुत्रा पूर्वी सशामागे धावे तो आता रात्री ज्वारीच्या शेताची राखण करतो. काम बदलले, पाय मात्र तेच राहिले. आणि या जातीच्या कुत्र्याचे सारे वैभव त्याच्या पायांतच साठविलेले असते.

माझ्या चुकीचे मूळ एका अपघातात होते. सर्जा नावाचा माझा कुत्रा वीसनखी होता, आणि त्याची मागची दोन्ही नखे केवळ कातड्याला लोंबत असत, त्यांना आत हाडाचा आधार नव्हता. एका रात्री रानडुकरांमागे धावताना बोरीच्या काट्यांच्या कुंपणात त्यांतले एक नख अडकून मुळासकट उपटले गेले. जखम चिघळली, पू झाला, आणि दीड महिना तो उमदा प्राणी तीन पायांवर लंगडत राहिला. त्याचे हाल पाहून मी मनाशी निश्चय केला, की यापुढे माझ्या घरी जन्मणाऱ्या एकाही पिलाच्या पायावर असले नख ठेवावयाचे नाही. लोंबणारे मागचे नख आणि हाडाशी घट्ट सांधलेला पुढचा अंगठा यांत काही भेद असेल, हा विचार मला शिवलादेखील नाही.

पौषात माझी कुत्री हरणी व्याली. सात पिले झाली, त्यांतली दोन वीसनखी. या कामात हात बसलेला आहे असे ज्यांच्याविषयी ऐकले होते त्या एका गृहस्थांस मी तिसऱ्या दिवशी सकाळी बोलावून आणले. हरणी अंगावर येईल म्हणून तिला गोठ्यात बांधून ठेवले, पिले टोपलीत घालून ओसरीवर आणली, कात्री चुलीच्या जाळावर धरून ‘शुद्ध’ केली, आणि पुढची चौदा व मागची चार अशी अठरा नखे एकामागून एक उडविली. जखमांवर राख दाबली. पिले प्रत्येक वेळी ज्या बारीक, सलग स्वराने किंचाळत होती तो स्वर ऐकूनही, इतक्या कोवळ्या जिवाला वेदना कळत नाहीत हे त्या गृहस्थांचे आश्वासन मी प्रमाण मानले. हे सर्व आटोपून हरणीला मोकळी करीपर्यंत दोन तास गेले होते.

सोडताक्षणी तिने पिले चाटावयास आरंभ केला आणि चाटता चाटता जखमांवरची राख पुसून टाकली. मध्यरात्री कंदील घेऊन पाहावयास गेलो तेव्हा एक पिलू गोणपाटावर बाजूला पडले होते, आणि त्याच्या पंजाखालचे गोणपाट ओले होते. दुसरे गार पडले होते, पण जिवंत होते. ते उपाशी असेल या समजुतीने मी चमच्याने त्याच्या तोंडात गाईचे दूध घातले. पहाटेपूर्वी तेही गेले.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यातील वयस्क डॉक्टरांनी मला शांतपणे जे समजावून सांगितले, ते माझ्या मनावर कोरले गेले आहे. ४०० ग्रॅम वजनाच्या पिलाच्या देहात सारे मिळून साधारण ३० मिलिलिटर रक्त असते; त्यातले चहाचे दोन चमचे सांडले म्हणजे तिसरा हिस्सा गेला. नवजात पिलाची रक्त गोठविण्याची शक्ती पुरती विकसित झालेली नसते, म्हणून जो थेंब मोठ्या कुत्र्यात आपोआप थांबेल तो येथे रात्रभर ठिबकत राहू शकतो. पहिले दोन आठवडे पिलाला स्वतःची उष्णता राखता येत नाही. आईच्या पोटाची ऊब हाच त्याचा एकमेव आधार असतो, आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतालची हवा ३० ते ३२ अंश उबदार असावी लागते. आमच्या ओसरीवर पौषातले वारे होते. गार पडलेल्या पिलाचे आतडे दूध पचवू शकत नाही. त्याला प्रथम छातीशी धरून हळूहळू ऊब द्यावयाची आणि मगच पाजावयाचे, हा क्रम मी उलटा केला होता. आणि वेदनेविषयी ते म्हणाले, की पिलाला ती मोठ्या कुत्र्याइतकीच होते, ते ती सांगू शकत नाही इतकेच.

तथापि ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ती मागाहून, वाचलेल्या पाच पिलांना वाढताना पाहून उमगली. पुढचा अंगठा निरुपयोगी नाही. तो हाडाशी सांध्याने जोडलेला असून स्नायूंच्या कंडरा त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या असतात. ज्या अवयवाचे प्रयोजन संपले आहे त्याच्यासाठी देह सहसा इतका सरंजाम बाळगीत नाही. कारवान कुत्रा भरधाव असताना त्याचे मनगट इतके वाकते की अंगठा जमिनीला टेकतो, आणि वळण घेताना तो मातीत रुतून पायाला पीळ पडू देत नाही. तो नसल्यास हा सारा ताण मनगटावर येतो, असे अनेक पशुवैद्य मानतात. माझ्या पाचांपैकी दोघांची मनगटे पाचव्या-सहाव्या वर्षी सुजू लागली. त्याला हेच एक कारण होते असे मी शपथेवर सांगणार नाही. परंतु हरणीच्या आधीच्या वेतातील, अंगठे शाबूत असलेल्या कुत्र्यांत मी ते पाहिले नव्हते. आणखी एकाचे नख मूळ नीट न निघाल्यामुळे वाकडे होऊन पुन्हा उगवले, आणि ते जन्मभर दर महिन्याला कापावे लागले. फ्रान्समधील बोसरॉन व ब्रिआर या मेंढपाळी कुत्र्यांच्या मागच्या पायाला दुहेरी अंगठा असणे हेच शुद्ध वाणाचे लक्षण मानतात, आणि नॉर्वेचा लुंडेहुंड तर सहा बोटांच्या पायाने समुद्रकाठचे कडे चढत असे, हे मी पुष्कळ उशिरा वाचले.

म्हणून माझे सांगणे आहे की पुढच्या अंगठ्याला हात लावू नये. रोग किंवा भरून न येणारी इजा झाली आणि डॉक्टरांनी सांगितले तरच त्याचा विचार करावा. मागचे नख असेल तर ते जन्मल्यानंतर बोटांच्या चिमटीत धरून पाहावे. आत हाड लागत असेल तर तेही तसेच राहू द्यावे. केवळ कातड्याला लोंबत असेल तर ते काढावे की नाही हे पशुवैद्याला विचारावे. काढावयाचेच ठरले तर ते जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत, डॉक्टरांच्याच हातून, वेदनाशमनाची तजवीज करून व्हावे. पिलू अशक्त असेल, पीत नसेल किंवा वजनात वाढत नसेल तर मुळीच करू नये. निरोगी पिलाचे वजन आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट होते. म्हणून रोज तराजूवर घालून नोंद ठेवावी. नख काढण्याच्या दिवशी आईला फार तर काही मिनिटे दूर ठेवावे, पिले उबेतच असावीत, आणि ती रात्र जागून काढावी. पाचवा दिवस उलटला की ही शस्त्रक्रियाच होते. तिला पूर्ण भूल लागते, आणि कारवानासारख्या चरबी कमी असलेल्या कुत्र्यावर भुलीच्या काही औषधांचा अंमल फार काळ टिकतो, म्हणून कुत्र्याची जात डॉक्टरांना आवर्जून सांगावी. कायद्याचेही भान असावे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ अन्वये प्राण्याचे अंग छाटणे हा गुन्हा आहे. शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे, वेसण घालणे यांना त्यात विहित रीतीपुरता अपवाद दिलेला आहे, कुत्र्याच्या निरोगी अंगठ्याला दिलेला नाही.

सर्जासारखा अपघात टाळण्याचा मार्ग वेगळाच आहे, आणि तो अगदी साधा आहे. अंगठ्याचे नख चालताना जमिनीला घासत नसल्यामुळे झिजत नाही. न कापल्यास गोल वळून मांसात शिरते किंवा काट्यात अडकते. दर तीन आठवड्यांनी त्याचे टोक थोडेसे कापावे, आत दिसणाऱ्या लालसर शिरेच्या अलीकडे थांबावे. काळ्या नखात शीर दिसत नाही, तेथे कणाकणाने कापावे. पिलू महिन्याचे झाले की त्याचे पंजे रोज हातात घेण्याची सवय लावावी, म्हणजे पुढे कुत्रा स्वतःहून पाय देतो. नख फाटलेच तर स्वच्छ कापड पाच मिनिटे न उचलता दाबून धरावे, रक्त न थांबल्यास तुरटीची पूड लावावी, पट्टी बांधून दवाखाना गाठावा. चुना किंवा तंबाखू भरू नये. तंबाखू कुत्र्याला विषच आहे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत, त्यांनी कुत्री दगावतात.

हरणीची खापरपणती सध्या माझ्या अंगणात आहे. ती वीसनखी आहे, आणि तिची मागची नखे हाडाशी घट्ट आहेत. दुपारी सावलीत बसून ती हाडूक चघळते तेव्हा दोन्ही पुढच्या अंगठ्यांनी ते असे पक्के धरते की जराही हलत नाही. त्या पाच पिलांपैकी जो शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिला, त्याच्या पंजांतून हाडूक सारखे निसटत असे, आणि ते धरून ठेवण्यासाठी मी त्याच्यापुढे मांडी घालून बसत असे.