फोटो एकाचा, खोलीत तिघं

वडनेर भोलजीच्या पट्ट्यात ‘एक्स-रे’ हा शब्द मी पेशंटच्या तोंडून फारसा ऐकत नाही. इथे फोटो काढतात. "डाक्टरसाहेब, कमर लय दुखते, एखांदा फोटू काढून द्या." नांदुऱ्याला किंवा मलकापूरला जायचंच आहे, तर त्याच फेरीत फोटोही उरकून घ्यावा, असा हिशेब असतो. आणि टीबीचा संशय आला म्हणून मी छातीचा एक्स-रे लिहून दिला, की तोच माणूस विचारतो, "त्याची किरणं अंगात तर नाही ना राहत?"

राहत नाहीत. कंदील विझवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच हे. बटण दाबल्यावर सेकंदाच्या लहानशा हिश्श्यापुरती नळीतून किरणं निघतात, बटण सुटलं की संपली. मशीन नुसतं उभं असेल तर त्याला घाबरायचं कारण नाही. हाडातलं कॅल्शियम किरणं अडवतं म्हणून हाड पांढरं दिसतं, फुप्फुसात हवा असते म्हणून ते काळं दिसतं. १८९५ साली जर्मनीत राँटजेन यांनी बायकोच्या हाताचा असा फोटो काढला, त्यात बोटातली अंगठीही उमटली होती.

किरणांचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, दगड, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका साध्या फोटोचा डोस साधारण ०.०२, म्हणजे तीनेक दिवसांचा. टीबी शोधायला एवढा डोस काहीच नाही, तेव्हा तो फोटो टाळू नका. कमरेच्या फोटोला मात्र दीडच्या आसपास जातो. पोटाच्या सीटी स्कॅनला आठ-दहा, म्हणजे तीन-चार वर्षांचा वाटा एका दुपारी.

म्हणून कमरेच्या फोटोला मी बऱ्याचदा नाही म्हणतो, आणि पेशंट नाराज होतात. कापूस वेचून, पोती उचलून धरलेली कंबर बहुधा काही आठवड्यांत सुटते. शिवाय स्नायू, नस, मणक्यांमधली गादी साध्या फोटोत दिसतच नाही. पण झाडावरून, गाडीवरून पडला असाल, ताप आणि वजन उतरणं असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल तर तपासणी लांबवू नका. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता खोलीतल्या गर्दीबद्दल. मागे एक सात-आठ वर्षांचा पोरगा मनगट सुजवून आला. फोटो काढताना एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि दाराशी आजी कौतुकानं उभी. पोरगा हलला, फोटो पुसट आला. दुसरा काढला तर हातातलं कडं नेमकं मोडल्या जागेवर. तिसऱ्याला जमलं. पोराला तीनदा किरणं, आणि ज्यांचं काहीच मोडलं नव्हतं त्यांनाही थोडी थोडी. आत्याला तिसरा महिना होता, हे तिनं नंतर सांगितलं. हाताच्या फोटोतून तिच्यापर्यंत पोचलेला डोस नगण्य होता, बाळाला धोका नाही हे मी तिला दोनदा समजावलं. तरी पुढचे सहा महिने ती धास्तावलेलीच राहिली.

मूल धरायला एकच मोठं माणूस पुरे. त्यानं शिशाचा एप्रन मागून घ्यावा, आणि गरोदर बाईनं हे काम घेऊच नये. बाकीच्यांनी बाहेर थांबावं. दारावरचा लाल दिवा लागला असेल तर दार ढकलू नये. तंत्रज्ञ आडोशामागे जातो तेव्हा, "बघा, स्वतः पळाला," असं लोक म्हणतात. तुमचा फोटो वर्षातून एखादा, त्याला दिवसभर तेच काम. त्याच्या छातीवरचा बिल्ला त्याला लागलेली किरणं मोजतो. असं केंद्र चालवायला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तुम्ही तो विचारू शकता.

गरोदरपणाची शंका असेल, पाळी चुकली असेल तर आधी बोला, सासूसमोर नको वाटलं तर नर्सच्या कानात सांगा. गरज असेल तर फोटो काढता येतो, बऱ्याचदा सोनोग्राफीवर भागतं, तिच्यात ही किरणं नसतात.

आत जाण्याआधी ताईत, मंगळसूत्र, करदोड्याची किल्ली काढून ठेवा. खिसेही रिकामे करा. एका आजोबांच्या फुप्फुसात मला गोल पांढरा डाग दिसला आणि क्षणभर माझ्याच छातीत धस्स झालं. शर्टाच्या खिशात चुन्याची डबी होती. फोटो पुन्हा काढावा लागला.

आणि जुनी फिल्म जपा. कपाटात सपाट ठेवा, ऊन आणि ओल लागू देऊ नका, पाकिटावर तारीख घाला. खामगावला किंवा अकोल्याला दाखवायला जाताना ती सोबत न्या, कारण आजचा डाग तीन वर्षांपूर्वीही होता हे कळलं, की पुढचा सीटी स्कॅन कधी कधी टळतो. मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो मला दाखवू नका, त्यात ट्यूबलाइटच जास्त दिसते.