श्रीनाथ की झहीर?

प्रश्न : माझं माहेर श्रीरामपूर, सासर म्हैसूर. झहीर खान मोठा की जवागल श्रीनाथ, हा आमच्या घरातला वाद काही मिटत नाही. विश्वचषकात दोघांचेही बळी 44च! मग वेगवेगळ्या काळांतले गोलंदाज तोलायचे कसे?
— एक वाचक, सरस्वतीपुरम, म्हैसूर

उत्तर : 44 बळींसाठी श्रीनाथला 34 सामने लागले, झहीरला 23. त्यामुळे विश्वचषकापुरता कौल तुमच्या माहेरला. 2011 मध्ये झहीरने 21 बळी घेतले. जुना चेंडू दोन्ही तळव्यांत झाकून तो धावत यायचा. लकाकी कोणत्या बाजूला आहे, हे फलंदाजाला शेवटच्या पावलापर्यंत कळायचं नाही.

कसोटीत मात्र झहीरचे 311 आणि श्रीनाथचे 236 एवढंच पाहून निकाल देऊ नका. झहीर 92 कसोटी खेळला, श्रीनाथ 67. सरासरी श्रीनाथची सरस : 30.49, झहीरची 32.94. पण माझ्या मनाला लागतं ते या आकड्यांत नाहीच. श्रीनाथने 1991 मध्ये ब्रिस्बेनला पदार्पण केलं. मायदेशातली पहिली कसोटी मिळाली ती थेट नोव्हेंबर 1994 मध्ये, मुंबईत. मधल्या काळात भारतात सात कसोट्या झाल्या, एकीतही तो नव्हता. खेळपट्ट्या फिरकीच्या, नव्या चेंडूला कपिल देव आणि प्रभाकर. कपिल हॅडलीच्या 431 बळींच्या विक्रमाकडे निघाला होता, आणि तो मान त्याचाच होता. पण बावीस ते पंचवीस हे वय वेगवान गोलंदाजाच्या खांद्याला पुन्हा मिळत नाही.

संधी मिळाल्यावर त्याने काय केलं, ते पाहा. 1996 मध्ये अहमदाबादला दक्षिण आफ्रिकेसमोर 170 धावांचं लक्ष्य होतं. श्रीनाथने 21 धावांत सहा बळी घेतले आणि त्यांचा डाव 105 धावांत संपला. 1999 मध्ये ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध त्याने सामन्यात 13 बळी टिपले, तरी भारत 46 धावांनी हरला. असा पराभव कोणत्या सरासरीत मांडायचा?

झहीरला पहिल्यापासून संधी मिळाली, तरी दुखापतींनी त्याला कमी छळलं नाही. 2006 मध्ये वूस्टरशायरकडून खेळून तो घडून परतला आणि पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजवर नऊ बळी घेऊन त्याने भारताला कसोटी जिंकून दिली.

मला कसोटीचा संघ निवडायला सांगाल, तर नवा चेंडू आधी तुमच्या सासरच्या हाती देईन. दुसऱ्या टोकाला झहीर. 2003 च्या विश्वचषकात दोघं असेच एका संघातून खेळले होते. श्रीनाथचा तो शेवटचा विश्वचषक, झहीरचा पहिला.