मार्गदर्शिकेची पारख
पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी

व्यापाऱ्याच्या घरात मालाची पारख निराळी शिकवावी लागत नाही. गुळाची ढेप फोडून तिचा कण पाहणे, ज्वारीची मूठ तळहातावर पसरून खडा व कीड शोधणे, कापडाचा सुटा धागा ओढून पाहणे, या गोष्टी मुले दुकानात बसता बसता शिकतात. परंतु त्याच घरातील मुलगा अथवा मुलगी पदवीच्या अखेरच्या वर्षात येऊन व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेस बसावयाचे ठरविते, तेव्हा अभ्यासाचे पुस्तक मात्र जाडी, वेष्टन आणि दुकानदाराची शिफारस पाहून घेतले जाते. नमुना पाहिल्याशिवाय एक पोतेही न उचलणारा गृहस्थ येथे मात्र न पाहता खरेदी करतो.

या चुकीची किंमत पुस्तकाच्या छापील किमतीएवढी नसते. आयआयएम संस्थांची 'कॅट' ही परीक्षा वर्षातून एकदाच, साधारणतः नोव्हेंबर महिन्यात, होते. अयोग्य पुस्तकावर आठ-दहा महिने घालविले तर ते वर्ष हातचे जाते. त्याहूनही गंभीर हानी अशी की, अपयश पुस्तकाचे असते आणि निकाल मुलाच्या बुद्धीवर लावला जातो. 'याला झेपणारे नाही, गल्ल्यावर बसवा', किंवा 'तिचे शिक्षण पुष्कळ झाले', असे निर्णय अशा वेळी घरात होतात आणि ते सहसा फिरत नाहीत. म्हणून मार्गदर्शिकेची पारख कशी करावी, याचा विचार आम्ही येथे क्रमाने मांडीत आहोत.

प्रथम परीक्षा ओळखावी

१९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे पहिल्या दोन आयआयएम संस्था निघाल्या. आज त्या आपल्या वस्तीच्या गावांजवळही आल्या आहेत. इंदूरची संस्था १९९६ ची, नागपूरची २०१५ ची, आणि पवईची 'निटी' ही जुनी संस्था २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. या सर्वांचे दार 'कॅट' हे आहे. परंतु एमबीएचे दार एवढे एकच नाही. महाराष्ट्र राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. परदेशी विद्यापीठांसाठी व हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्थांसाठी 'जीमॅट' किंवा 'जीआरई' आहे. बाजारात मात्र 'सर्व एमबीए प्रवेशपरीक्षांसाठी' असे छापलेले एकच जाड पुस्तक पुढे केले जाते.

या परीक्षांची प्रकृती किती भिन्न आहे ते हिशेबानेच पाहावे. २०२४ च्या कॅटमध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते. भाषेचे २४, माहिती-विश्लेषण व तर्काचे २२ आणि गणिताचे २२, असे तीन विभाग होते. प्रत्येक विभागास ४० मिनिटे, आणि एका विभागातून दुसऱ्यात मनास येईल तेव्हा जाण्याची मुभा नाही. बरोबर उत्तरास ३ गुण. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा. ज्या प्रश्नांचे उत्तर स्वतः टंकित करावयाचे असते, त्यांत चुकीबद्दल वजावट नाही. महाराष्ट्राच्या सीईटीत त्याच वर्षी १५० मिनिटांत २०० प्रश्न होते व वजावट मुळीच नव्हती. म्हणजे कॅटच्या गणितात एका प्रश्नास पावणेदोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो, तर सीईटीत अवघे ४५ सेकंद.

आता अंदाजाने उत्तर देण्याचा प्रश्न घ्या. कॅटमध्ये चार पर्यायांतून डोळे मिटून १२ उत्तरे दिली, तर सरासरीने ३ बरोबर व ९ चूक येतील. ९ गुण जमा आणि ९ गुण खर्च, शिल्लक शून्य. मात्र प्रत्येक प्रश्नातील एक पर्याय निश्चित चूक असल्याचे ओळखता आले, तर त्याच १२ प्रश्नांत सरासरीने ४ बरोबर व ८ चूक, म्हणजे १२ जमा, ८ खर्च, शिल्लक ४. सीईटीत वजावट नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा होय. 'शंका असल्यास प्रश्न सोडून द्या' हा उपदेश एका परीक्षेत शहाणपणाचा व दुसरीत घातक ठरतो. जी मार्गदर्शिका हा भेद न सांगता सरसकट उपदेश करते, तिच्या कर्त्याने परीक्षाच नीट पाहिलेली नाही असे समजावे.

जुना साठा

आपल्या घरांत काटकसरीची रीत आहे आणि ती चांगली आहे. थोरल्या भावाची पुस्तके धाकट्या बहिणीस मिळतात. शाळेच्या पुस्तकांत हे पुष्कळ वेळा चालते. प्रवेशपरीक्षेच्या मार्गदर्शिकेत मात्र प्रकाशनाचे वर्ष पाहिल्यावाचून चालत नाही. कॅट २००९ साली कागदावरून संगणकावर आली. २०१५ साली तीन विभाग ठरले, टंकित उत्तराचे प्रश्न आले आणि पडद्यावर साधे गणकयंत्र मिळू लागले. २०२० साली तीन तासांची परीक्षा दोन तासांची झाली. भाषाविभागात समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न जवळजवळ नाहीसे झाले असून, २०२४ साली २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवरील आकलनाचे होते. जुन्या पुस्तकातील शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करणारी मुलगी श्रम पुष्कळ करते, पण ते श्रम परीक्षेत उपयोगास येत नाहीत.

परदेशी परीक्षांतही हेच घडले. जीआरईमधून विरुद्धार्थी शब्द व शब्दसाम्याचे प्रश्न २०११ सालीच गेले. सप्टेंबर २०२३ पासून ती परीक्षा दोन तासांहून कमी वेळाची झाली व दोन निबंधांऐवजी एकच उरला. जीमॅटचे नवे रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आले आणि जुने जानेवारी २०२४ अखेर बंद झाले. नव्या रूपात वाक्यदुरुस्ती नाही व भूमितीही नाही. गुणांची पट्टी २०५ ते ८०५ अशी आहे. तेव्हा घरात ज्या पुस्तकात ८०० पैकी गुण सांगितले असतील, ते कितीही जपून ठेवलेले असले तरी त्या परीक्षेचा नकाशा म्हणून वापरू नये.

याचा अर्थ जुने पुस्तक रद्दीत घालावे असा नव्हे. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग हे विषय बदललेले नाहीत. अशा पुस्तकातील मूळ गणित शिकण्यास वापरावे. परीक्षेचे स्वरूप, वेळ व गुणपद्धती मात्र त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेवरूनच घ्यावी.

उकल वाचून पाहावी

मार्गदर्शिकेचे खरे मोल प्रश्नांच्या संख्येत नसून उकलीत असते. इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने तो १९६३ साली हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्याची मांडणी आजही पाहण्यासारखी आहे. आधी नियम, मग त्या नियमाची उदाहरणे, आणि व्याज व मिश्रण यांसारखे व्यवहारातील प्रकरण निराळे. विद्यार्थ्यास नियम कळतो, आणि तो कोठे लावावयाचा हेही कळते. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा क्रम ज्या नव्या पुस्तकात नाही, ते कितीही रंगीत असले तरी अपुरे होय.

दुकानातच करता येईल अशी एक परीक्षा आम्ही सुचवितो. विद्यार्थ्यास चांगला येतो असा एक धडा व मुळीच येत नाही असा एक धडा उघडावा. प्रत्येकातील तीन कठीण प्रश्नांच्या उकली वाचाव्या, पुस्तक मिटावे आणि त्या उकली बरोबर आलेल्या माणसास तोंडी समजावून सांगाव्या. उदाहरणार्थ, एका व्यापाऱ्याने मालावर खरेदीच्या ४० टक्के अधिक किंमत मांडली व २५ टक्के सूट दिली, तर नफा किती? वाईट पुस्तक एक सूत्र देऊन 'उत्तर ५ टक्के' एवढे लिहून मोकळे होते. चांगले पुस्तक सांगते की, खरेदी १०० धरली तर मांडलेली किंमत १४०. सूट १०० वर नसून १४० वर आहे, म्हणून ती ३५ रुपये. विक्री १०५ व नफा ५ टक्के. पुढे ते हेही सांगते की, पर्यायांत १५ हा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण घाईतला विद्यार्थी ४० तून २५ वजा करतो. चूक का होते हे सांगणारे पुस्तक शिकविते. केवळ उत्तर सांगणारे पुस्तक तपासनीसाचे काम करते.

भाषाविभागात हीच कसोटी लावावी. बरोबर पर्याय कोणता एवढेच न सांगता उरलेले तीन पर्याय का चुकीचे, हे ज्या पुस्तकात उताऱ्याच्या आधाराने सांगितले असेल तेच घ्यावे.

खरा काटा कोणता

जीआरई व जीमॅट घेणाऱ्या संस्था स्वतःच्या अधिकृत मार्गदर्शिका काढतात. तेथे पहिले पुस्तक तेच असावे. अन्य प्रकाशकांची पुस्तके त्यानंतर. कॅटसाठी अशी अधिकृत मार्गदर्शिका नाही. तेथे मागील वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका आणि परीक्षेपूर्वी आयआयएमच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला जाणारा सराव, हाच प्रमाणित काटा होय. परीक्षार्थींच्या स्मरणावरून जुळविलेले प्रश्न सरावास चालतील, परंतु त्यांवर परीक्षेचा अंदाज बांधू नये. तसेच परीक्षा पडद्यावर असल्यामुळे केवळ कागदावरचा सराव अपुरा पडतो. दीर्घ उतारा पडद्यावर वाचण्याची डोळ्यांस व मनास सवय हवी.

पुस्तकांची संख्याही मर्यादित असावी. प्रत्येक विभागास एक चांगले पुस्तक, खऱ्या प्रश्नपत्रिकांचा एक संच व वेळ लावून देण्याच्या सराव परीक्षा, एवढे भांडवल पुरे. एकाच विषयाची चार पुस्तके अर्धवट करण्यापेक्षा एक पुस्तक दोनदा पूर्ण करणे अधिक फलदायी ठरते.

अस्सल आणि नक्कल

एक गोष्ट धर्मबुद्धीने सांगणे आवश्यक आहे. लोकप्रिय मार्गदर्शिकांच्या चोरून छापलेल्या प्रती व सर्रास फिरविल्या जाणाऱ्या संगणकीय नकला स्वस्तात किंवा फुकट मिळतात. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, आणि अस्सलाच्या जागी नक्कल चालविणे, म्हणजे प्रतिरूपकव्यवहार, हे दोन्ही येतात. १९५७ च्या कायद्यानेही असे मुद्रण गुन्हा ठरते. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ते नुकसानीचे आहे. पुसट छपाईत घातांक व दशांशचिन्ह नाहीसे होते, आणि बरोबर गणित करणारा मुलगा स्वतःसच चूक समजू लागतो. ज्या घरास नवे पुस्तक घेणे कठीण आहे, त्या घराने नकलेकडे वळू नये. ग्रंथालयातून घ्यावे, किंवा गेल्या वर्षी परीक्षा दिलेल्या मुलांकडून अस्सल प्रत मागावी. आपल्या संघांनी व वसतिगृहांनी प्रतिवर्षी नव्या आवृत्तीचा एकेक संच कपाटात ठेवला आणि जुना कालबाह्य संच बाजूस काढला, तर अल्प खर्चात अनेक घरांची सोय होईल. श्रुतपंचमीस ग्रंथांची पूजा करणाऱ्या समाजास हे कार्य शोभणारे आहे.

पुस्तक घेतल्यानंतर

उत्तम पुस्तकही आपण होऊन शिकवीत नाही. स्वाध्याय हे अंतरंग तप मानले असून त्याची पाच अंगे सांगितली आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय व धर्मोपदेश. मूळ अर्थ शास्त्राभ्यासाचा असला, तरी क्रम सर्व अभ्यासास लागू पडतो. वाचावे, न समजलेले विचारावे, मनात घोळवावे, पुन्हा पुन्हा आवर्तन करावे, आणि अखेरीस दुसऱ्यास समजावून सांगावे. ज्याला धाकट्या भावंडास व्याजाचे गणित सांगता येते, त्याला ते परीक्षेत सोडविता येईल.

यासोबत चुकांची एक खतावणी ठेवावी. दिनांक, प्रश्नाचा प्रकार, चुकीचे कारण आणि लागलेला वेळ, असे चार रकाने पुरेत. कारण तीनच प्रकारचे असते: नियम माहीत नव्हता, प्रश्न नीट वाचला नाही, किंवा वेळ पुरला नाही. दर रविवारी खतावणीची बेरीज करावी. पहिल्या कारणाची बाकी वाढत असेल तर पुस्तक बदलण्याचा विचार करावा. दुसऱ्या व तिसऱ्या कारणांची बाकी असेल, तर नवे पुस्तक आणून काही साधणार नाही, सराव बदलावा.

पालकांनी ही खतावणी महिन्यातून एकदा ममतेने पाहावी. आकडेमोड न समजली तरी चालेल. रकाने भरले जात आहेत की नाहीत एवढे कोणासही दिसते. निकाल प्रतिकूल आला, तर मुलाविषयी मत बनविण्यापूर्वी ही वही आणि ती पुस्तके समोर घेऊन बसावे. तोटा कोणत्या खात्यात आला हे पाहिल्यावाचून दुकान बंद करणारा व्यापारी आपल्यात कोणी नाही. आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाचा हिशेबही तितक्याच धीराने व न्यायबुद्धीने तपासला जावा, एवढीच आमची सर्व सभासदबंधूंस विनंती आहे.