माळ घालताना एक काळजी



आपले शहापूर आणि मुरबाड हे तालुके डोंगराचे, भातशेतीचे. फाल्गुन-चैत्रात मोहाचा सडा पडतो. फुलाचा त्यात काय दोष? पण त्याच फुलाची भट्टी लागते, आणि मोह नसला तर गूळ-नवसागर आहेच. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. हातभट्टी आजही गुन्हा आहे. तरीही वीटभट्टीवर राबून आणलेला पैसा गुत्त्यावर जातो आणि घरची चूल थंड राहते. शिवाय दारूत काय मिसळले आहे, हे पिणाऱ्याला कुठे ठाऊक असते? जून २०१५ मध्ये मुंबईत मालाड-मालवणीला मिथेनॉलच्या विषारी दारूने शंभरांवर माणसे दगावली.

आपला संप्रदाय सांगतो, एकादशी धरा, तुळशीची माळ घाला, दारू सोडा. ह्या माळेने कित्येक संसार सावरले. पण येथेच एक गोष्ट नीट समजून घ्यावी.

वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस माळ घालतो आणि एकाएकी दारू बंद करतो. सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कोणाला फिट येते. दोन-चार दिवसांत कोणाला भ्रम होतो. नसलेले किडे दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत. मग घरचे म्हणतात, "ह्याला बाहेरचं लागलं," आणि भगताकडे नेतात. गाव म्हणतो, "माळ झेपली नाय त्याला." दोन्ही खोटे! दारू मेंदूला रोज दाबून ठेवते. मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाब एकदम निघाला की तो जोर उसळतो. ह्यात जीवही जातो. पण वेळेवर औषध मिळाले तर वाचतो.

म्हणून माळकऱ्यांनी एवढे करावे:

१. माळ घालण्यापूर्वी विचारावे: किती वर्षे पितोस? सकाळी उठल्याबरोबर लागते का? पूर्वी फिट आली होती का?

२. उत्तर 'होय' आले तर आधी डॉक्टर, मग माळ. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी फोन मोफत आहे.

३. फिट आली तर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. फिट असो की भ्रम, लगेच दवाखाना गाठावा.

४. नुकतीच दारू सोडलेल्याला उन्हातान्हात दिंडीत चालवू नये. आधी अंगात बळ येऊ द्यावे.

५. पुन्हा घसरला तरी त्याला भजनातून उठवू नये. घसरणे हा ह्या रोगाचाच भाग आहे. टाळ त्याच्या हाती द्यावा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सोबत जावे.

औषध घेतले म्हणजे नामावरची श्रद्धा कमी पडली, असे मुळीच नाही. ताप आला तर आपण गोळी घेतोच ना? माळ मन धरून ठेवते, औषध देह धरून ठेवते. देह राहिला तरच पायी वारी घडेल.

येत्या एकादशीला आपल्या आळीतला असा एक माणूस आठवा आणि त्याच्या घरी जा. उपदेश करू नका. "चल, मी येतो तुझ्याबरोबर," एवढेच म्हणा.