ई-पीक पाहणीचें ॲप : त्याचे दोष, सुधारणा आणि आपल्या अपेक्षा

गांव नमुना बारामध्यें पिकांची नोंद पूर्वीं तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून हें काम राज्यभर खातेदाराच्या हातीं आलें. टाटा ट्रस्टच्या साहाय्यानें तयार झालेल्या ई-पीक पाहणी ॲपमधून शेतकऱ्यानें शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावें व नोंद स्वतः भरावी, अशी ही पद्धति आहे. या नोंदीचें मोल २०२४ सालीं दिसून आलें. सन २०२३ च्या खरिपांतील सोयाबीन व कापूस यांकरितां सरकारनें दोन हेक्टरांच्या मर्यादेंत हेक्टरीं ५,००० रुपये साह्य जाहीर केलें, तेव्हां प्रथम ई-पीक पाहणीची नोंद हीच अट होती. सातबाऱ्यावरील नोंद ग्राह्य धरण्याची सवलत मागाहून मिळाली. हिंगोली जिल्ह्यांत सोयाबीनचा पेरा मोठा असल्यामुळें हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

ॲप फुकट मिळतें. तेव्हां त्यांत कांहीं बिघडलें तर तक्रार करावी कीं करूं नये? ‘धर्माचे गायी, दांत कां गे नाहीं’ अशी म्हण आहे; परंतु ती येथें लागू पडत नाहीं. धर्माची गाय नाकारतां येते. ही नोंद नाकारली तर नुकसान आपलेंच होतें. म्हणून वस्तु फुकट असली तरी ती नीट चालावी हें मागणें रास्त आहे. मात्र काय मागावें व काय मागूं नये, हें कळण्यासाठीं दोष कोठून उत्पन्न होतात तें पाहिलें पाहिजे.

नांगराचा फाळ वापरानें झिजतो; ॲप वापरानें झिजत नाहीं. त्याच्या भोंवतालची स्थिति पालटते आणि तें मागें पडतें. मोबाईलची अँड्रॉइड प्रणाली नवी होते, सरकारचे नियम बदलतात, गटांचे नकाशे दुरुस्त होतात. म्हणूनच वेळोवेळीं अपडेट, म्हणजे सुधारित आवृत्ति, काढावी लागते. १ ऑगस्ट २०२२ रोजीं आलेल्या दुसऱ्या आवृत्तींत भरलेली नोंद ४८ तासांच्या आंत एकदां स्वतः दुरुस्त करण्याची आणि गांवांतील सर्वांची पाहणी बघण्याची सोय झाली. अशा सुधारणा होतात त्या वापरणारांच्या अडचणी वर पोंचल्यामुळेंच.

दोषांचे स्थूलमानानें चार वर्ग करतां येतात :

१. ॲपचा दोष : एखादें पान उघडत नाहीं किंवा विशिष्ट पीक यादींत सांपडत नाहीं. हा सुधारित आवृत्तीनेंच जातो.
२. सर्व्हरवरील गर्दी : मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्वांनीं एकदम नोंद केल्यास काम थांबतें. यावर लवकर नोंद करणें हाच आपल्या हातचा उपाय.
३. मूळ माहितीची चूक : गट, क्षेत्र किंवा नांव चुकीचें दिसतें. हें महसूल दप्तरांत दुरुस्त करावें लागतें. कितीहि अपडेट केले तरी तें जात नाहीं.
४. मोबाईलचा दोष : उघड्या आकाशाखालीं मोबाईल आपलें ठिकाण साधारण पांच मीटरांच्या फरकानें दाखवितो; दाट झाडाखालीं फरक वाढतो. छायाचित्र बांधावरून न घेतां शेताच्या मध्यावर, मोकळ्या जागीं घ्यावें.

आतां अपेक्षांविषयीं. ॲपमध्यें कधींच दोष नसावा, अथवा दोष दिसला त्याच दिवशीं निघावा, हें मागणें वाजवी नाहीं. परंतु नवी आवृत्ति हंगामापूर्वीं तपासून द्यावी, तिच्यामुळें भरलेली माहिती नाहींशी होऊं नये, साध्या मोबाईलवरहि तें चालावें, आणि दोषामुळें ज्याची नोंद राहिली त्यास दुसरा मार्ग मोकळा असावा, या चार गोष्टी मागण्याचा आपणांस अधिकार आहे. थोडी वर्गणी घेऊन हिशेब ठेवणारीं जीं खासगी ॲपें असतात, त्यांच्याकडून वर्गणी चालू असेपर्यंत दोषनिवारणाची अपेक्षा ठेवावी. नव्या सोयी मात्र हक्कानें मागतां येत नाहींत. घेण्यापूर्वीं एवढें विचारावें कीं, ॲप बंद पडल्यास आपला हिशेब बाहेर काढून घेतां येईल काय?

आपलेंहि कांहीं कर्तव्य आहे. अपडेट प्ले स्टोअरवरूनच घ्यावें. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून कधींहि घेऊं नये, कारण त्यांत ठकबाजीचा धोका असतो. तें हंगामाच्या आरंभींच, नेटवर्क चांगलें असेल तेथें उरकावें. नोंद केल्यावर ती वर पोंचली कीं नाहीं हें गांवाच्या यादींत पाहावें व पडद्याचें चित्र जपून ठेवावें. ‘ॲप चालत नाहीं’ एवढीच तक्रार निरुपयोगी होय. मोबाईलचा प्रकार, ॲपची आवृत्ति, गट क्रमांक, तारीख, वेळ आणि पडद्यावर आलेले नेमके शब्द लिहून ती तलाठ्याकडे (ज्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) लेखी द्यावी व पोंच घ्यावी. एका गांवांतील दहा जणांस एकच अडचण येत असेल तर सर्वांनीं मिळून एक अर्ज करावा. एकट्याची अडचण मोबाईलच्या माथीं मारली जाते. दहा जणांची अडचण ॲपचा दोष म्हणून पाहावीच लागते.