निकोलस अदोंत्स : दोन साम्राज्यांच्या सीमेवरील देशाचा इतिहासकार

इतिहासाच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगला की आम्हां शिक्षकांना एक सवय असते. छडीचे टोक रेघेवरून फिरवायचे आणि सांगायचे, 'अमुक साली सरहद्द येथे आली.' विद्यार्थी साल लिहून घेतात, तास संपतो. त्या रेघेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र वर्गाबाहेरच राहतो. मीही अनेक वर्षे असेच शिकवीत आलो. निकोलस अदोंत्स या आर्मेनियन पंडिताचा 'जस्टिनियनच्या काळातील आर्मेनिया' हा ग्रंथ वाचला आणि या सवयीची मला प्रथम लाज वाटली. प्रस्तुत लेखात या इतिहासकाराचा, आणि त्याच्या अभ्यासपद्धतीचा, अल्प परिचय करून देण्याचा माझा हेतू आहे.

अदोंत्स यांचा जन्म 1871 साली दक्षिण आर्मेनियातील ब्रनाकोत या गावी झाला. त्या वेळी तो मुलूख रशियन साम्राज्यात होता. प्राचीन काळी तेथे स्यूनी नावाच्या सरदार घराण्याची सत्ता होती. अशाच घराण्यांचा इतिहास पुढे त्यांनी लिहावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. तातेव व एचमियाद्झिन येथील धर्मपीठांच्या शाळांत आणि तिफ्लिसच्या रशियन विद्यालयात शिकून ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात आले. तेथे निकोलाय मार हे त्यांचे गुरू. ग्रंथ आधी शब्दाशब्दाने पारखावा आणि मगच त्यातून इतिहास काढावा, हे वळण त्यांना तेथे लागले.

1908 साली त्यांचा उपर्युक्त ग्रंथ रशियन भाषेत प्रसिद्ध झाला. त्याचा विषय थोडक्यात असा. इ. स. 387 च्या सुमारास आर्मेनियाची वाटणी झाली. पश्चिमेचा लहान भाग रोमकडे आणि पूर्वेचा मोठा भाग इराणकडे गेला. 428 मध्ये पूर्वेकडील राजपदही संपले. राजा गेला, देश दुभंगला, तरी आर्मेनियन समाज टिकला. तो कशाच्या बळावर?

अदोंत्स यांचे उत्तर होते, 'नखरार' घराण्यांच्या बळावर. नखरार म्हणजे वंशपरंपरेने जमीन आणि अधिकार भोगणारे सरदार. सेनापतिपद मामिकोन्यान घराण्याकडे, तर राजाच्या मस्तकी मुकुट ठेवण्याचा मान बाग्रातुनी घराण्याकडे होता. आपल्या भागातील विद्यार्थ्यांना देशमुख-देसायांचे वतन ऐकून ठाऊक असते. त्यावरून या व्यवस्थेची थोडी कल्पना येईल, परंतु तुलना फार ताणू नये. नखराराकडे स्वतःचे सैन्य असे, आणि जमीन एका व्यक्तीची नसून साऱ्या कुळाची मानली जाई.

हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी वापरलेली साधने पाहावीत. दरबारातील आसनांच्या क्रमाची यादी, कोणत्या घराण्याने किती स्वार द्यावयाचे याची यादी, धर्मसभांना हजर राहिलेल्या बिशपांची नावे. अशा रुक्ष याद्यांतील नावे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिली. कोणती यादी जुनी, कोणत्या यादीत मागाहून भर पडली, हे तपासले. तेव्हा असे दिसले की बिशपांची क्षेत्रे शहरांप्रमाणे नव्हे, तर घराण्यांप्रमाणे आखलेली होती. म्हणजे धर्मसंस्थाही याच चौकटीत वाढली होती.

सम्राट जस्टिनियनने ही चौकट ओळखली. 536 साली त्याने आपल्या ताब्यातील आर्मेनियन मुलखाची चार प्रांतांत नवी मांडणी केली. त्याच सुमारास, 535 व 536 मध्ये, वारशाचे कायदे करून मुलींनाही मालमत्तेत वाटा दिला. वरवर पाहता हा न्याय्य सुधारणेचा कायदा आहे, आणि तो न्याय्य नव्हता असे कोण म्हणेल? परंतु अदोंत्स त्याचा दुसरा परिणाम दाखवितात. कुळाची अखंड जमीन वाटली गेली की कुळाचे बळ मोडते. साम्राज्याला तलवारीने जे साधले नाही, ते वारसाहक्काच्या कलमाने साधता येते. इराणच्या वाट्यात मात्र घराणी टिकली, आणि 885 च्या सुमारास मुकुट ठेवणाऱ्या बाग्रातुनी घराण्यातीलच अशोत हा राजा झाला. कायदा वाचताना 'यात काय लिहिले आहे' याबरोबरच 'यामुळे कोणाचे काय मोडते' हेही विचारावे, हा धडा मी येथून घेतला.

1915 साली त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ आला. दियोनिसियस थ्राक्सच्या ग्रीक व्याकरणाचे प्राचीन आर्मेनियन भाषांतर आणि त्यावरील टीकाकार हा त्याचा विषय. आर्मेनियन लिपी इ. स. 405 च्या सुमारास मेस्रोप मश्तोत्स यांनी तयार केली. पुढे ग्रीक ग्रंथांचे शब्दशः भाषांतर करणारी एक परंपरा निर्माण झाली. ग्रीकमध्ये द्विवचन आहे, लिंगभेद आहे. आर्मेनियनमध्ये दोन्ही नाहीत. भाषांतरकाराने तरीही ग्रीकच्या साच्यात बसतील अशी कृत्रिम रूपे बनविली. त्यांपैकी पुष्कळ रूपे कोणी कधी बोलले नाही. पण त्याच खटपटीतून घडलेल्या काही संज्ञा जगल्या. ग्रीकचा 'क्रियापदावरील शब्द' आर्मेनियनमध्ये 'मकबाय' झाला, आणि क्रियाविशेषणाला आजही तोच शब्द आहे. परक्या साच्याचे ओझेही होते आणि उपयोगही होतो. संस्कृत व इंग्रजी व्याकरणांच्या साच्यांतून गेलेल्या आपल्या भाषांच्या अभ्यासकांना हे नवे नाही.

हा ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी ओस्मानी साम्राज्यात आर्मेनियनांची कत्तल आणि हद्दपारी सुरू झाली. सिवास, मलात्या ही जस्टिनियनच्या प्रांतांतील गावे. ज्या भूमीची अदोंत्स यांनी नावानिशी नोंद केली, तिच्यावरून ते लोकच नाहीसे झाले. रशियात क्रांती झाली. 1920 साली त्यांनी तो देश सोडला. लंडन, मग पॅरिस, आणि 1931 पासून ब्रसेल्सच्या विद्यापीठात आर्मेनियन विद्येचे अध्यापन. 1940 मध्ये बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेले. 27 जानेवारी 1942 रोजी ब्रसेल्स येथेच त्यांचा अंत झाला. आर्मेनियाच्या उगमावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ 1946 साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. जस्टिनियनवरील ग्रंथाचे नीना गार्सोयान यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1970 साली निघाले. मूळ ग्रंथानंतर तब्बल 62 वर्षांनी!

त्यांचे सर्वच निष्कर्ष मान्य झाले असे नाही. बायझंटाइन इतिहासातील मोठ्या व्यक्तींचे आर्मेनियन मूळ शोधण्याकडे त्यांचा उत्तरायुष्यात ओढा होता. बल्गेरियाचा राजा सॅम्युएल आर्मेनियन होता, हे त्यांचे 1938 चे मत सर्व अभ्यासकांना पटलेले नाही. घरदार गमावलेल्या माणसाला आपली माणसे जगभर दिसू लागावीत, हे मी समजू शकतो. पण सहानुभूती म्हणजे पुरावा नव्हे. ज्या कसोट्या त्यांनीच आपल्याला शिकविल्या, त्याच त्यांच्या लेखनालाही लावाव्या लागतात. गुरूचा मान त्यानेच राहतो.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख मराठी विभागात छापला जाईल आणि काही पाने उलटली की कन्नड विभाग सुरू होईल. अदोंत्स यांना आपल्या देशाचा इतिहास केवळ आपल्या भाषेतून लिहिता आला नाही. ग्रीक कायदे आणि शेजाऱ्यांची साधने त्यांना वाचावी लागली. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी लेख एकाच ठिकाणी कोरलेले आहेत. तेथे उभा राहणारा जो विद्यार्थी एकच ओळ वाचतो, त्याला त्या दगडाचा एक तुकडाच कळतो. सरहद्दीबद्दल मत कोणतेही असो, पण ते बनविण्यापूर्वी शेजाऱ्याची लिपी शिकून घ्यावी. पुढच्या तासाला नकाशा टांगीन तेव्हा छडी रेघेवर ठेवण्याआधी मी हेच सांगणार आहे.