आधी नख, मग पंप

बाबू, परवा फोनवर तू म्हणालास, संत्र्याच्या फांद्यांवर तांबडे ठिपके बसलेत, पुसून जात नाहीत, कोणतं औषध मारू? मी औषधाचं नाव सांगितलं नाही. त्याआधी जे करायचं ते फोनवर सांगून कळत नाही, म्हणून हे लिहून पाठवतो.

ते ठिपके म्हणजे तांबडी खवले कीड. सकाळच्या उन्हात फांदी हातात धर आणि एक खवला अंगठ्याच्या नखानं हळूच उकर. जेमतेम दोन मिलिमीटरचं गोल टोपण सुटतं आणि खाली पिवळाधमक, मऊ किडा दिसतो. पाय नाहीत, पंख नाहीत. सोंड तेवढी सालीत रुतलेली. टोपण तिनं आपल्याच मेणाचं आणि टाकलेल्या कातीचं केलेलं असतं, म्हणून वरून मारलेलं औषध तिला सहसा लागत नाही. असे दहा खवले उकर. पिवळा रस निघाला तर जिवंत. कोरडा भुसा निघाला तर मेलेली. मेल्यावरही टोपण कितीतरी दिवस सालीला धरून राहतं. आणि टोपणाला टाचणीनं पाडावं तसं गोल भोक दिसलं, तर त्या फांदीला हात लावू नकोस. आतला किडा खाऊन एक बारीकशी परोपजीवी माशी तिथून उडून गेली आहे, आणि तिची भावंडं शेजारच्या खवल्यांत आहेत.

हे मला फार उशिरा कळलं. एका साली मी मेलेल्या खवल्यांवरच तीन फवारे मारले. कीड आधीच गेलेली होती. मेल्या त्या माश्या आणि खवले खाणारे काळे चकचकीत ढालकिडे. पुढच्या उन्हाळ्यात त्याच ओळीतल्या फांद्या शेंड्यापासून वाळत आल्या. आपल्याकडच्या या माश्यांची किंमत बाहेरच्यांनी ओळखली. 1956-57 मध्ये कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी भारत-पाकिस्तानातून अफायटिस मेलिनस नावाची पिवळी माशी नेली, ती वाढवून संत्र्या-लिंबाच्या बागांत सोडली. आजही ती तिकडे विकत मिळते. आपण मात्र फुकटची मारतो.

पान काळं पडलं की आपल्याकडे सगळे कोळशी म्हणतात. बरोबर आहे, पण ती काळ्या माशीच्या चिकट गोडसर पाण्यावर वाढते. खवले कीड असलं पाणी सोडतच नाही. ती बसलेल्या पानावर पिवळे डाग पडतात, चिकटा नसतो. पान दोन बोटांत घासून बघ, लगेच कळेल. मुंग्यांची रांग खोडावरून चढत असेल तर तीही तोड. मुंग्या त्या कामाच्या माशीला टिकू देत नाहीत. परतवाडा रस्त्याच्या बाजूच्या झाडांवर धुरळा बसतो, तिथं कीड जास्त दिसेल, कारण धुळीतही माशीला काम करता येत नाही. त्या ओळीवर नुसत्या पाण्याचा फवारा मारला तरी फरक पडतो.

औषध मारायचंच असेल तर पिल्लं बाहेर फिरतात तेव्हा. जन्मलं की पिल्लाला पाय असतात, दिवसभर भटकतं, मग एकदा सोंड टोचली की जागा सोडत नाही. दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी फांदीला गुंडाळ आणि रोज भिंगानं बघ. पिवळी धूळ चिकटल्यासारखी दिसली की फळबागेसाठीच्या खनिज तेलाची वेळ झाली. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच. पण झाड ताणावर असताना, म्हणजे आंबिया बहारासाठी डिसेंबरात किंवा मृग बहारासाठी मे महिन्यात, तेल मुळीच मारू नकोस. तहानलेलं झाड पानं टाकतं. तेल आणि गंधक पाठोपाठही नको. आणि खोडाला लावतो तो बोर्डो मलम, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाण्याचा, तो डिंक्यासाठी. त्यानं खवला मरत नाही.

तोडणी झाली की सल काढ, बगीच्याबाहेर नेऊन जाळ. वाळल्या फांद्यांवरचा खवला तिथंच राहिला तर वाऱ्यानं पिल्लं पुन्हा आत येतात. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी आपल्या वलगावजवळ, पेढीच्या काठी देह ठेवला. त्यांच्या हातात झाडू होता, हे आपल्या गावानं तरी विसरू नये. बगीच्यातही आधी सफाईच.

नवीन कलमं आणशील तेव्हा जंबेरीच्या खुंटापासून शेंड्यापर्यंत साल बघ, पानाची मागची बाजू बघ. माझ्या बगीच्यात ही कीड कलमांबरोबरच आली. तुला ॲव्होकाडोची चार रोपं लावायची हौस आहे ना? मेक्सिकोत त्या झाडावरही याच कुळातली, कवचाची कीड असते, फळाबरोबर देश ओलांडून जाते. रोपं आणलीस तर महिनाभर संत्र्यापासून लांब ठेव.

येत्या रविवारी पाच झाडांवरचे दहा-दहा खवले उकर. पन्नासातले किती जिवंत, किती कोरडे, किती भोकाचे, हे कागदावर लिही आणि मग मला फोन कर. औषधाचं नाव तेव्हा सांगीन, लागलं तर.